आतल्या खोलीतली गेली

दार उघडलं तर समोर पक्कडवाला, आणि तो माझ्याकडे बघून हसला. हसू ओळखीचं नव्हतं, नोकरीचं होतं. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, फोटोतही तेच हसू. "नमस्कार काका, तुमच्या घरच्या विजेबद्दल जरा बोलायला आलोय, वेळ आहे ना?" म्हणाला. दोन हिवाळे मी ह्या माणसाला मनातल्या मनात जिन्यावरून ढकलत आलो होतो. एरवी दुसऱ्या मजल्यावरून, सवड असली की थेट गच्चीवरून. तो पुन्हा समोर येईल तेव्हा माझा हात उठेल, निदान घसा तरी बसेल, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मी काय केलं, तर "या ना, बसा" म्हणालो. तोंड किती नालायक असतं. त्याने बूट बाहेर काढले, जोडीने नीट भिंतीशी लावले, आणि माझ्या खुर्चीवर बसला. धक्का बसला तो त्याच्या येण्याचा नव्हेच. त्याने मला ओळखलं नाही, त्याचा. ज्याचं तोंड मी उशीवर, आरशात, चहाच्या कपात बघत आलो, त्याच्या डोक्यात माझ्या तोंडाला पाय ठेवायलाही जागा नव्हती.

तेव्हा त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, हातात पक्कड होती, म्हणून आमच्या जिन्यात त्याचं नाव पक्कडवाला पडलं. जिन्यातल्या काही घरांची बिलं थकली म्हणून सगळ्या जिन्याचीच तार तोडायला आला होता. मी खाली धावत गेलो, म्हटलं, "थांबा हो, वर माणूस मशीनवर आहे, हवेच्या मशीनवर, माझी बायको." तो माझ्याकडे बघणार, तेवढ्यात कठड्याला टेकलेला रखवालदार हसला, "ह्यांचं काय ऐकता! हा आमचा लिफ्टमन. ह्याने लिफ्टमधून एकदा ढगात जाऊन लोक उतरवलेत." खोटं नव्हतं, म्हणजे मीच ती गोष्ट सांगितली होती, रखवालदाराला तर पावसाळी ढगाच्या वासासकट. जन्मभर मी एका बँकेच्या इमारतीत लिफ्ट चालवली. आत माणसं कोंबलेली, प्रत्येकजण दुसऱ्याच्या कानाकडे बघतोय, कुणी तरी बोललं पाहिजे की नाही? मी बोलायचो. माझ्या थापांना मजले असत. तिसऱ्यापर्यंतची थाप वेगळी, दहाव्यापर्यंतची वेगळी, आणि दार उघडायच्या आत शेवट यायलाच हवा, नाहीतर लोक पाय बाहेर टाकून अडकून पडत. साहेब लोक मुद्दाम एक मजला जास्त वर जात आणि जिन्याने खाली येत, असं माझं म्हणणं आहे, पुरावा नाही. तर पक्कडवाला त्या दिवशी हसला, पक्कड उचलली आणि म्हणाला, "काका, रोज प्रत्येक जिन्यात कुणी ना कुणी मशीनवर असतंच. वरून हुकूम आहे, मी काय करू?" आणि कट्. एवढासा आवाज. नखं कापल्यावर येतो तेवढा.

आता तोच माणूस फोन टेबलावर ठेवून विचारत होता, "आवाज टिपून घेतला तर चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल की." तो सांगू लागला. 'तग' नावाची नवी योजना आहे. ज्यांच्या घरी वीज परवडत नाही, टिकत नाही, त्यांच्याशी बोलायचं, त्यांना बरोबर घ्यायचं, अडचणीच्या काळात त्यांची घरं तग धरतील असं काहीतरी त्यांच्याकडूनच शिकायचं आणि त्यांनाच द्यायचं. तो आता तारा तोडत नव्हता, संवाद साधत होता. वसाहतीत जिने पुष्कळ, पण गच्चीवर उन्हाची वीज करणारे पत्रे आणि जिन्याखालची मोठी बॅटरी सध्या एकाच जिन्याला मिळणार. कोणाला, ते लोकांचा सहभाग बघून ठरणार. ती बॅटरी असली की बाहेरची वीज राहो न राहो, घरातली गरजेची वस्तू बंद पडत नाही. "तुमच्याकडे गरजेची वस्तू काय आहे, काका?" त्याने विचारलं, आणि आतल्या खोलीतून उत्तर आलं, फुस्स, फुस्स. सासूबाईंचं मशीन. म्हणजे माझ्या बायकोचंच मशीन. लेक गेली आणि तिचा दमा जणू आईला आंदण देऊन गेली. वर्ष सरता सरता म्हातारी त्याच नळीला तोंड लावून, त्याच भिंतीकडे पाठ करून, त्याच पलंगावर. नव्वदी गाठलेली बाई. मी तिचा जावई, मीही काठावरचाच. आमचं दोघांचं मिळून वय काढलं तर एखादं लहानसं राज्य बसेल त्यात. आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नाही आणि आम्ही एकमेकांना आवडत नाही, त्यामुळे घर नीट चालतं.

"मग तुम्ही निभावता कसं? तुमच्या काही युक्त्या असतील," पक्कडवाला म्हणाला. अशा प्रश्नाला खरं उत्तर देण्याचं पाप मी कधी केलेलं नाही. म्हटलं, "गाद्या दुपारी गच्चीवर टाकतो. ऊन पितात. संध्याकाळी गुंडाळून तोंड सुतळीने बांधायचं, नाहीतर सांडतं." तो मान डोलवत होता. "लोकांच्या जुन्या शहाणपणात केवढं काय असतं," म्हणाला. मी पुढे गेलो: आमच्या जिन्यात अंधार इतका दाट की पेटवलेली काडी शोधायला दुसरी काडी लागते; म्हणून आम्ही पायऱ्यांवर एकेक सूर ठरवलाय, पायाखाली सा वाजला तर समजायचं शिवणवालीचं दार आलं. त्यावरही त्याची मान डोललीच. खरं सांगितलं होतं तेव्हा हा हसला होता, आणि आता गादीतून ऊन सांडतं म्हटलं तर ह्याचे डोळे पाणावतात. माणसाला मारायचं तर कशाने मारावं, ते मला त्या क्षणी कळायला हवं होतं. पण कळलं नाही, मी नुसताच चिडलो.

मग त्याने विचारलं, "गेल्या दोन-तीन वर्षांत फार अडचणीचा प्रसंग? म्हणजे लाइट गेली वगैरे?"

"गेली ना," मी म्हटलं. "थंडीत गेली."

शप्पथ, हे मी ठरवून बोललो नाही. जीभ आपोआप त्या शब्दावर घसरली. आपली भाषाही अशी गमतीची, लाइट जाते, बायको जाते, आणि नेणाऱ्याचं नाव कशातच येत नाही.

"अचानक?"

"तशी अचानकच. आधी जरा फडफडली."

"सगळ्या घरातली?"

"आतल्या खोलीतली. आतल्या खोलीतच गेली."

"मग परत कधी आली?"

"नाही आली."

त्याने मान वर केली. "म्हणजे अजूनही नाही?"

"अजून नाही."

"बाप रे. इतके दिवस! म्हणजे तुम्ही तिच्याशिवायच..."

"तिच्याशिवायच."

"सवय झाली असेल आता."

"नाही होत हो सवय. अंधारात अजून हात आपोआप भिंतीकडे जातो."

"अगदी!" तो खुर्चीत पुढे सरकला. "अगदी हेच! बटण नसलं तरी हात जातोच." आणि फोन माझ्या जवळ सरकवला, पुन्हा बोला म्हणाला, आवाज नीट आला पाहिजे. मी पुन्हा बोललो. माझी बायको भिंतीच्या बाजूला झोपायची. आत मशीनची फुस्स थांबल्यासारखी वाटली. मशीन चालूच होतं, सासूबाईंनी श्वास रोखून धरला होता.

तो गेल्यावर मी आत गेलो. सासूबाई पलंगावर उशीला टेकून, नळी बाजूला करून माझी वाट बघत होत्या. "जावईबापू, तोच ना?" "तोच." "त्याला कळलं नाही ना?" "नाही." "बरीच मजा चालली होती तुमची." मी म्हटलं, मजा नव्हती. त्या म्हणाल्या, "सूड घ्यायचाय तर घ्या. माझी लेक होती, मी कोण अडवणारी? पण मशीन चालू ठेवून घ्या. तो चिडला आणि बॅटरी दुसऱ्या जिन्यात गेली, तर पुढच्या वेळी तार तुटेल तेव्हा मी गादीतलं ऊन हुंगू का?" बोलताना त्यांना धाप लागली. नळी तोंडाला लावली, चार घोट हवा घेतली, आणि नळीतूनच पुटपुटल्या, "म्हणे तग! तग मी धरते, लाइट तुम्ही धरा."

सुडाची एक अडचण असते, तो घ्यायला एक जागा लागते जिथे आपलं काही अडकलेलं नाही. माझं अडकलेलं होतं पलंगावर, नळीच्या टोकाला. दुकानात, बाजारात, जिन्यात मी गप्प राहिलो. पक्कडवाला भेटला की गोड बोललो. त्याने आमच्या जिन्यातल्या प्रत्येक दारात चहा घेतला. चांगला पोरगा होता, हेच तर जिव्हारी लागायचं. शिवणवालीच्या मशीनची वायर उघडी पडलेली बघून स्वतः टेप लावून दिली. मला वाटायचं, हा मुळातच नीच असता तर किती सोपं झालं असतं. नीच माणसाला शिव्या घालून माणूस मोकळा होतो. ह्याच्या मनात कसलं विषही नव्हतं. तो एकदा हसला होता आणि पुढच्या दाराला गेला होता, बस्स. माझ्या घरात मात्र त्या हसण्याचं सावट सतत फिरत असे, माणसासारखं, खोकत, भांड्याला हात लावत. तार तुटली ती संध्याकाळ थंडीची, लवकर काळोखणारी. आतल्या खोलीला खिडकी नाही. मेणबत्तीच्या धुराने बायकोला ढास लागायची, मोबाइल चार्जिंगला लावलेला तसाच मेला. शिवणवाली डॉक्टरला आणायला धावली. आणि मी काय करणार, मी तिचा हात धरला आणि गोष्ट सुरू केली. तिला माझ्या थापांचा कंटाळा होता; संसारभर म्हणायची, "आता उतरवा मला." पण त्या दिवशी बोलली नाही, बोटं दाबत होती, म्हणून मी सांगत राहिलो, एका इमारतीची गोष्ट जिला वर मजले फुटतच राहतात. मला भीती वाटली की गोष्ट संपली तर ती घाबरेल, म्हणून मी मजले वाढवत गेलो, वाढवत गेलो, प्रत्येक मजल्यावर कोणीतरी नवीन चढत होतं, एक बाई कोंबडा घेऊन, एक माणूस स्वतःचंच दार घेऊन, आणि अंधार असा की मला माझा हातही दिसत नव्हता, तिचा तर नाहीच. डॉक्टर टॉर्च घेऊन आला तेव्हा मी अजून सांगतच होतो. तिची बोटं माझ्या बोटांत होती. ती कोणत्या वाक्यावर गेली, मला माहीत नाही. कोंबड्यापर्यंत होती का? दारवाल्याला हसली का? मी किती वेळ नुसत्या हातालाच गोष्ट सांगत होतो? लाइट असती तर मला दिसलं असतं. मी थांबलो असतो.

बॅटरीचा जिना ठरवायच्या सभेच्या आदल्या दिवशी पक्कडवाला आनंदाने वर आला. म्हणाला, "काका, उद्या मोठ्या बाई येणारेत ऑफिसातून. तुमचा आवाज सगळ्यांना ऐकवणार आहे, लाउडस्पीकरवर. तो भिंतीवर हात जाण्याचा भाग. तुमची हरकत नाही ना?" हरकत होती की नाही, ते ठरवायला मला तो पट्ट्यावरचा फोटो बघायला लागेल तेवढाच वेळ मिळाला. वसाहतीच्या खालच्या हॉलात आख्खा जिना बसलेला असणार. जिन्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आतल्या खोलीतली कोण गेली. ह्याला सोडून. "नाही," मी म्हटलं, "ऐकवा ना."

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी नळी बाजूला केली. मग म्हणाल्या, "आत्ता जाऊन सांगा त्याला, नका ऐकवू म्हणावं." मी बसून राहिलो. "बॅटरी जाईल, जावईबापू." मी बसूनच. मशीन फुस्सफुस्स करत होतं, आणि त्या आवाजात आम्ही दोघं कसला तरी हिशेब घालत होतो ज्याचे आकडे दोघांनाही बोलवत नव्हते. मी तिचा श्वास पणाला लावत होतो; तिला ते माहीत होतं, मलाही. शेवटी म्हातारीने कूस बदलली, भिंतीकडची, आणि विचारलं, "लाउडस्पीकर मोठा असतो ना?" "असतो." "मग जाताना बाहेरच्या खोलीची खिडकी सताड उघडी टाका. माझ्या कानापर्यंत येऊ दे."

सभेत मोठ्या बाई पुढे बसल्या, त्यांच्या शेजारी पक्कडवाला, आज नवा शर्ट. आधी बरंच काही झालं, ते माझ्या कानात शिरलं नाही. मग खरखर झाली आणि माझा आवाज आला. आपला आवाज बाहेरून ऐकला की किती परका आणि किती म्हातारा वाटतो. गेली ना. थंडीत गेली. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं, "ए, लिफ्टमन!" आधी जरा फडफडली. हसणं अर्ध्यात तुटलं. मग परत कधी आली? नाही आली. खुर्च्या करकरायच्या थांबल्या. लहान पोर रडत होतं, त्याच्या आईने त्याच्या तोंडावर पदर दाबला. अंधारात अजून हात आपोआप भिंतीकडे जातो. अगदी, अगदी हेच, असा पक्कडवाल्याचा स्वतःचाच हौशी आवाज त्या सगळ्या शांततेत घुमला, आणि तो समोर उभा राहून कौतुकाने सगळ्यांकडे बघत होता, टाळ्यांची वाट बघत.

शिवणवाली उठली. बोटात अंगुस्तान तसंच होतं. "अहो पक्कडवाले," ती म्हणाली, "ती लाइट नव्हे हो. ती त्याची बायको."

"काय?" तो म्हणाला.

"बायको. तुम्ही तार तोडलीत ना, त्याच दिवशी. मशीनवर होती. हा खाली येऊन सांगत होता तुम्हाला, तुम्ही हसलात."

तेव्हा त्याने मला शोधलं. एकेका तोंडावरून सरकत त्याचे डोळे माझ्यावर आले आणि थांबले, आणि त्याने मला ओळखलं. ज्या क्षणासाठी मी दोन हिवाळे जगलो तो हा. त्याचे कान लाल झाले. ओठ हलले. फोन हातातून निसटला तो त्याने पोटाशी धरला. मला काय वाटलं होतं, छप्पर खाली येईल? मला इतकंच वाटलं की खाज सुटली होती तिथे कोणीतरी कपड्यावरूनच खाजवलं. मोठ्या बाई हळूच उठल्या, म्हणाल्या, "किती सोसतात ही माणसं, आणि तरी सहभागी होतात. मला वाटतं ह्यापेक्षा मोठा सहभाग असूच शकत नाही." आणि टाळ्या वाजवल्या. त्यांच्यापुरत्याच वाजल्या.

बॅटरी आमच्या जिन्याला मिळाली. बाईंना आवाज आवडला म्हणून, असं रखवालदार सांगतो; पक्कडवाल्याने ऑफिसात भांडून आणली, असं शिवणवालीला वाटतं. तार ओढायला तो एकटाच आला, पट्टा न घालता, जुन्या शर्टात, आणि खालपासून वरपर्यंत पाइप ठोकत आला. आमच्या आतल्या खोलीत भिंतीला नवीन खोका बसवला, मशीनची पिन त्यात घातली, मग बाहेर जाऊन मुख्य बटण बंद केलं. बाहेरच्या खोलीतला पंखा थांबला, दिवा गेला. फुस्स, फुस्स. मशीन चालूच. सासूबाईंनी नळीआडून डोळे मिचकावले. त्याने बटण पुन्हा लावलं, घाम पुसला, हत्यारं पिशवीत भरली, आणि जायच्याऐवजी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला.

आता म्हातारीचा श्वास ह्याच्या हातात नव्हता. म्हणजे माझे हात मोकळे होते.

"काका," तो म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी मी तार तोडली नसती, तर... त्या राहिल्या असत्या का?"

त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, मी बघितलं. झोप नसलेला चेहरा मला चांगला वाचता येतो. खरं उत्तर अगदी लहान होतं, दोन मजल्यांत संपण्यासारखं. त्याच दिवशी सकाळी डॉक्टर तपासून गेला होता. मला दाराबाहेर घेऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, आता मशीन तुमच्या समाधानासाठी, आजची संध्याकाळ निघेल असं वाटत नाही. हे मला माहीत, सासूबाईंना माहीत. तार तुटली नसती तरी ती त्याच संध्याकाळी गेली असती, उजेडात. ह्याने माझ्याकडून तिची वर्षं नेली नव्हती. एक वाक्य नेलं होतं, ज्यावर ती गेली ते. पण हे ह्याला सांगून काय उपयोग? ह्याने "अगदी" म्हटलं असतं. "तुमची चूक नव्हती, बाळा," एवढं खरं बोललो असतो तर पोरगं जिन्यावरच रडून हलकं झालं असतं, आणि घरी जाऊन जेवलं असतं.

"राहिली असती," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाले होते, धोका टळला."

त्याने सासूबाईंकडे बघितलं. कशाला बघितलं, कोण जाणे. आईचं तोंड वेगळं काही सांगेल, अशी आशा असणार. म्हातारीने नळी काढली. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"माझ्या वयापर्यंत गेली असती," ती सावकाश म्हणाली. "आमच्या घरात बायका लवकर मरत नाहीत."

त्याने मान डोलवली, तीच ती, प्रत्येक थापेला डोलणारी. पिशवी उचलली, बूट चढवायला वाकला, नाडी बांधता येईना तशीच खोचली, आणि उतरू लागला. मी उंबऱ्यात उभा राहून त्याची पावलं ऐकत होतो. आयुष्यात इतक्या थापा मारल्या, पण इतक्या मन लावून कोणी घरी नेलेली ही पहिलीच. छातीत काहीतरी गरम होत होतं, आणि ते सुख होतं. ते सुख नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मग पावलं थांबली.

"पोचला का खाली?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"नाही. मधेच उभा आहे."

मशीनने एक श्वास घेतला, एक सोडला.

"राहू दे उभा," त्या म्हणाल्या. "दार लावा."